मिडियम वेव्हवर रात्री नुसती घरघर? सेट उघडायच्या आधी हे बघा

रेडिओ चांगला, सेल नवे, दिवसा आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर ठणठणीत लागतंय, आणि रात्री जेवणं आटोपून लांबचं काहीतरी पकडायला बसलं की पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं घुंऽऽऽ. ही एकच तक्रार मी माझ्या घरात आतापर्यंत चारदा निस्तरलीये, सासुरवाडीला एकदा, आणि डीएक्सिंगचा, म्हणजे लांबची स्टेशनं पकडायचा, नाद असलेल्या मित्रांकडे किती वेळा ते मोजलंच नाही. दर वेळी कारण वेगळं निघालं, पण रेडिओ जवळपास कधीच बिघडलेला नव्हता, बिघडलेलं होतं ते घर. तरी माणूस पहिल्यांदा काय करतो, तर स्क्रू खोलतो. मीही पहिल्या वेळी तेच केलं आणि एक चांगला सेट घालवला, ते शेवटी सांगतो.

आधी लक्षणं

नीट कान देऊन ऐका, आवाजावरूनच अर्धं काम होतं.

– पट्टीभर एकसारखी जाड घुंई, भुंगा डबीत कोंडल्यासारखी. आपली लाईट ५० हर्ट्झची, गडबड प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला होते म्हणून कानाला १०० हर्ट्झ ऐकू येतं. संशय पंख्याच्या रेग्युलेटरवर, डिमरवर, नाहीतर बाहेरच्या खांबावर.

– पट्टीभर नाही, पण ठराविक अंतरावर खरखरीचे उंचवटे, मधे मधे शांत. हे चार्जर आणि अडॅप्टरचं काम. आतलं सर्किट समजा ६५ किलोहर्ट्झने उघडझाप करत असेल तर ५८५, ६५०, ७१५, ७८० असे त्याच्या पटीत डोंगर उभे राहतात आणि फोन भरत आला की ते डोंगर हळूच सरकतात पण.

– वेळ पाळणारी घरघर. रोज सातला सुरू, दहाला बंद. याच्यासारखं सोपं गिऱ्हाईक नाही.

– मधेच कडाड, मग शांत, परत कडाड. हे बहुतेक आभाळ.

– काही स्टेशनं स्वच्छ आणि काही तोतरी, दबल्यासारखी. याचा घरघरीशी संबंधच नाही, खाली डिजिटल सेटवाल्यांच्या भागात बघू.

– ओळखीचं स्टेशन भलत्याच जागी लागतंय.

आणि आवाज लाटेसारखा वर खाली होणं, एकाच जागी दोन स्टेशनं एकमेकांत मिसळणं, मागे बारीक घूं अशी लय, हे बिघाड नाहीत. रात्रीची मिडियम वेव्ह अशीच असते, त्यातच तर मजा आहे.

फुकटातल्या गोष्टी

पहिलं घड्याळ बघा. मला खरंच एकाने दुपारी तीनला फोन करून विचारलंय की कोलकाता ६५७ का लागत नाहीये. दिवसा वातावरणातला डी थर मिडियम वेव्ह गिळून टाकतो, जमिनीवरून सरपटत जेवढं येईल तेवढंच आपलं. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. तेव्हा परीक्षा रात्री आठनंतर किंवा पहाटे उजाडायच्या आधी घ्यायची. आणि कॅलेंडर पण बघा. एप्रिल-मे मध्ये वळवाचे दिवस असले की तुमच्याकडे चांदणं असेल हो, पण कुठेतरी दोन जिल्हे पलीकडे विजा पडत असतील तर त्यांची कडकड रेडिओत येणारच. त्याला इलाज नाही, रेडिओ बंद करा आणि झोपा. खरा सीझन दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. गंमत अशी की नेमकं दिवाळीतच प्रत्येक गॅलरीत एलईडीच्या माळा लागतात, म्हणजे आभाळ स्वच्छ होतं तेव्हा सोसायटी घाण होते.

दुसरं म्हणजे ज्याला शोधताय ते स्टेशन हयात तरी आहे का. आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत एफएमच्या नादात बरेच मिडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केलेत, परदेशातही तेच चाललंय. दहा वर्षांपूर्वीची यादी घेऊन बसलात तर निम्मी स्टेशनं मिळणारच नाहीत आणि दोष रेडिओला जाईल. एका स्टेशनवरून ठरवू नका, चार-पाच वेगवेगळ्या दिशांची बघा, चेन्नई ७२०, हैदराबाद ७३८, राजकोट ८१०, दिल्ली ८१९ अशी. चारी दिशांना शुकशुकाट असेल तरच पुढे चला.

तिसरं, डिजिटल सेटवाल्यांसाठी, आणि हे मी इतक्यांदा बघितलंय की आता फोनवरच ओळखतो. आपल्याकडे मिडियम वेव्हची स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलीत, ५३१ पासून १६०२ पर्यंत. अमेरिकेत हेच अंतर १० आहे. बाहेरून मागवलेला सेट बऱ्याचदा १० वर लावलेला येतो, किंवा सेल बदलताना मेमरी उडून परत १० वर जातो. मग काय होतं, ७२० आणि ८१० दोन्ही हिशोबात बसतात म्हणून चेन्नई-राजकोट मस्त लागतात, दिल्ली ८१९ ला ८२० वर थोडं कडेला का होईना लागतं, पण नागपूर ५८५ आणि धारवाड ७६५ हे बरोब्बर दोन पायऱ्यांच्या मधे पडतात आणि माणूस म्हणतो माझ्या रेडिओला धारवाड ऐकू येत नाही. सेटच्या पुस्तिकेत ९/१० ची सेटिंग शोधा, अर्ध्या मिनिटाचं काम. एका मित्राने या भानगडीसाठी नवीन ॲन्टेना बनवायला घेतला होता, तारसुद्धा आणली होती.

सेल आणि अडॅप्टर

अडॅप्टर काढा. कायमचा काढा, ऐकताना सेलच. रेडिओला जोडलेला स्वस्त अडॅप्टर म्हणजे घरघर बनवणारी फॅक्टरीच वायरीने थेट रेडिओला जोडल्यासारखं आहे, आणि वर ती वायर घरातल्या बाकीच्या वायरिंगवरची घाण पण उचलून आणते. अडॅप्टर लागणारच असेल तर जुन्या पद्धतीचा, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेला, हातात घेतला की जड लागणारा शोधा. जुन्या बाजारात मिळतो, व्होल्टेज आणि पिनचं प्लस-मायनस जुळतंय का एवढं बघून घ्या.

सेलच्या डबीतल्या स्प्रिंगा बघा. हिरवट-पांढरं काही साचलं असेल तर पेन्सिलचं खोडरबर घासा, चमक आली पाहिजे. संपर्क ढिला असला की रेडिओ हलवल्यावर खरखरतो आणि ती खरखर एफएमवर पण येते, हाच फरक ओळखायचा. घरघर फक्त मिडियम वेव्हवर असेल तर स्प्रिंग नाही, बाहेरून येतंय.

जागा बदला, मग रेडिओ फिरवा

आता रेडिओ हातात घ्या, लांबच्या एखाद्या स्टेशनवर लावा आणि घरभर चाला. हॉलमध्ये, गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर, शेवटी खाली मैदानात किंवा रस्त्यापासून लांब मोकळ्या जागेत. आरसीसीच्या इमारतीत सळयांचा पिंजरा असतो, तो बाहेरचा सिग्नल अडवतो आणि आतल्या वायरिंगची घरघर मात्र आत कोंडून ठेवतो, म्हणजे दोन्हीकडून मार. लोखंडी कपाटाला टेकून ठेवलेला रेडिओ तर बिचारा काय करणार. खाली मोकळ्यावर गेल्यावर स्टेशन उघडलं तर सेट निर्दोष सुटला, तिथेच लिहून ठेवा आणि परत स्क्रूड्रायव्हरचा विचार करू नका.

माझी स्वतःची खात्री गुहागरला झाली. घरी जो सेट मेला म्हणून मी शिव्या घालत होतो तोच बॅगेत टाकून नेला होता, रात्री नऊच्या सुमाराला किनाऱ्यावर वाळूत बसून लावला तर मागे एक टिपूस घरघर नाही, आणि पश्चिमेकडून अरबी स्टेशनं अशी येत होती की जणू रत्नागिरीहून बोलतायत. खारं पाणी लहरींना चांगलं वाहून नेतं आणि तिथून आखातापर्यंत मधे सगळा समुद्रच. बायको म्हणाली, रेडिओ दुरुस्त झाला वाटतं. म्हटलं नाही, घर लांब राहिलं.

रेडिओ फिरवायचं असं. मिडियम वेव्हला वर ओढायची दांडी काही करत नाही बहुतेक सेटमध्ये, खरा ॲन्टेना आत आडवा बसवलेला काळा फेराइट रॉड असतो. त्याच्या कुशीकडून येणारं जास्तीत जास्त ऐकू येतं आणि त्याच्या टोकांकडून येणारं जवळजवळ नाहीच. आवाज पडतो ती दिशा टोकदार असते, वाढतो ती पसरट, म्हणून जोर कुठे वाढतो ते शोधत बसू नका, घरघर कुठे मरते ते शोधा. रिकाम्या जागी, म्हणजे जिथे स्टेशन नाही अशा ठिकाणी लावा, रेडिओ टेबलावर सपाट ठेवून हळूहळू गोल फिरवा. घरघर एकदम पडली की थांबा, रॉडची टोकं आता गुन्हेगाराकडे बघतायत. दोन टोकं असल्याने तो या बाजूला की त्या बाजूला हे कळत नाही, म्हणून दुसऱ्या खोलीत जाऊन परत तेच करा, दोन रेघा जिथे कापतील तिथे शोधा. आणि कधी कधी एवढ्यावरच काम भागतं, घरघरीला टोक दाखवा आणि स्टेशन आडव्या बाजूला असेल तर ऐकत बसा, पैसे शून्य.

मेन स्विच, आणि इन्व्हर्टरला विसरू नका

वरचं करून पण घरघर घरातूनच येतेय असं वाटलं तर आता पूर्ण घर बंद करा. घरच्यांना सांगून, टीव्हीवर मालिका चालू नसताना. सेलवरचा रेडिओ रिकाम्या जागी लावून ठेवा, मेन बंद करा आणि ऐका.

इथे नव्वद टक्के लोक फसतात (आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजणीचा नाही). मेन बंद केला की इन्व्हर्टर सुरू होतो! लाईट गेली समजून तो घरातले दिवे-पंखे स्वतःवर घेतो, आणि चौकोनी लहरींचा जुना इन्व्हर्टर असेल तर घरघर उलट दुप्पट होते, मग माणूस म्हणतो बघा मेन बंद करून पण येतंय म्हणजे बाहेरून येतंय. इन्व्हर्टरचा स्वतःचा स्विच पण बंद करा. सगळं काळं झालं पाहिजे.

घरघर गेली? मग चोर घरात आहे. एकेक एमसीबी चालू करा, प्रत्येक वेळी दहा सेकंद ऐका. ज्या एमसीबीला आवाज परत आला त्या लाईनवरच्या वस्तू एकेक करून सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, काही जणांच्या घरी स्विच न्यूट्रलवर लावलेला असतो आणि वस्तू अर्धवट जिवंत राहते. घरघर गेलीच नाही, तर बाहेरच्या भागाकडे जा, खाली लिहिलंय.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा सापडलेले, वाईट ते कमी वाईट या क्रमाने: स्वस्तातले एलईडी बल्ब, विशेषतः बिननावाचे, कारण फिल्टरचे पाच-दहा रुपये वाचवलेले असतात. मग सेटटॉप बॉक्स आणि राउटरचे अडॅप्टर, हे चोवीस तास चालू असल्याने यांच्यावर कोणी संशयच घेत नाही. मग पंख्याचा तो गोल फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मधल्या स्पीडला सगळ्यात वाईट आणि फुलवर ठेवला की बहुतेक गप्प, हीच त्याची खूण. त्याच्या जागी कपॅसिटरवाला पायरी-पायरीचा बसवला की काम झालं. नवे बीएलडीसी पंखे वीज वाचवतात पण त्यांच्या पोटात पण इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, काही शांत निघतात काही नाही. इंडक्शन शेगडी, पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर, कॅमेऱ्यांच्या डब्याचा अडॅप्टर, स्कूटरचा चार्जर. मच्छर मारायची रॅकेट चार्जिंगला लावलेली, ही एकदा मला तीन दिवस पुरली होती.

एक सूचना, रेडिओ जवळ नेऊन वास घ्यायला गेलात तर एलईडीचा प्रत्येक बल्ब ओरडेल. जवळ ओरडणं हा गुन्हा नाही. तुम्ही जिथे बसून ऐकता तिथे त्याचा आवाज पोचतो का एवढंच बघायचं, नाहीतर सगळं घर बदलत बसाल.

देवघरातली माळ

सातला सुरू-दहाला बंद वाली घरघर माझ्याकडेच होती. दोन महिने मी सोसायटीच्या जिन्यातल्या दिव्यांच्या टायमरवर संशय धरून होतो, चेअरमनशी थोडी कुरबुर पण झाली. मग एकदा रेडिओ फिरवताना लक्षात आलं की रॉडचं टोक आडवं नाही, सेट उभा तिरका धरला की घरघर मरते, म्हणजे ती वरून येतेय. दिवेलागणीला वरच्या काकूंच्या दारात गेलो हातात रेडिओ घेऊन, त्यांनी आधी विचारलं बातम्या लागल्यात का. आत देवघरात लाकडी देव्हाऱ्याच्या कडेने एलईडीची माळ, रंग बदलणारी, तिचा एवढासा काळा डबा सॉकेटमध्ये, बाजूला खऱ्या समईत दोन वाती. काकूंनी माळ काढली, रेडिओ गप्प. लावली, घुंऽऽ. त्यांनी तीन-चार वेळा करून बघितलं, त्यांना पण गंमत वाटली. म्हणाल्या, "अरे मग आधी नाही का सांगायचं, नातवाने आणलीये, रोज लावतेच असं काही नाही." मी दुसऱ्या दिवशी त्यांना जड ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर आणि साधी एकरंगी माळ आणून दिली, एकूण खर्च एका चांगल्या थाळीएवढा. शेजाऱ्याकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, रेडिओ घेऊन जा.

फेराइट आणि लूप

वस्तू बदलता येत नसेल तर तिच्या वायरीवर फेराइटचं कडं घाला. पण वायरीला नुसता चिमटा लावून मिडियम वेव्हला काही होत नाही, हे लोकांना पटत नाही कारण चिमटा दिसायला भारी दिसतो. मोठं कडं घ्या आणि वायर आठ-दहा वेळा आतून फिरवा, अडवायची ताकद वेढ्यांच्या वर्गाने वाढते, म्हणजे एकाऐवजी दहा वेढे हे दहापट नाही शंभरपट होतं साधारण. वायर न कापता अख्खी प्लगसकट आतून जाईल एवढं कडं बघा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दुकानदाराला फेराइट टोरॉइड म्हणा, कमी फ्रीक्वेन्सीला चालणारं पाहिजे हे सांगा. वस्तूच्या अगदी जवळ बसवा, भिंतीजवळ नको, कारण मधली वायर हीच ॲन्टेना असते.

यानंतर थोडा खर्च आणि एक रविवार असेल तर लूप, म्हणजे तारेच्या वेढ्यांचा ॲन्टेना. लाकडी फुली करा, साधारण ६० सेंटीमीटर बाजूचा चौकोन होईल अशी, त्याच्यावर साध्या वायरीचे ११-१२ वेढे, वेढ्यांत अर्धा-पाऊण सेंटीमीटर अंतर, आणि दोन टोकं जुन्या रेडिओतल्या ५०० पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला (स्टेशन लावायचं बटण फिरवलं की आत फिरतो तो). बस. रेडिओला वायर जोडायची नाही, नुसता रेडिओ लूपच्या जवळ ठेवायचा आणि गँग फिरवत जायचं, एका जागी स्टेशन असं उसळून वर येतं की पहिल्यांदा दचकायला होतं. खाली ५३१ पर्यंत पोचलं नाही तर एक वेढा वाढवा, वर १६०२ ला पोचलं नाही तर एक सोडा. लूप पण रॉडसारखाच दिशा ओळखतो, म्हणून घरघर मारायला पण तोच.

गच्चीवर लांब तार टाकायचा मोह होतो. लूप करून बघितल्याशिवाय टाकू नका, आणि टाकलीच तर विजेच्या तारेच्या वरून, खालून, शेजारून कुठूनही नाही, तुटली तर तिच्यावर पडेल एवढ्या अंतरात पण नाही. आभाळ भरून आलं की तार रेडिओपासून काढून बाहेर. अर्थिंगसाठी सॉकेटच्या भोकात वायर खुपसणारे महाभाग मी बघितलेत, ते करू नका, जीव जातो.

भलत्या जागी लागलेलं स्टेशन

वर्ध्याला मेहुण्याकडे जुन्या काटेवाल्या सेटवर ६५० आणि ६६० च्या मधे हिंदी गाणी इतकी जोरात लागली की मी कोलकाता म्हणून वहीत लिहून टाकलं होतं. नंतर हिशोब केला. जुन्या सुपरहेट सेटमध्ये (आलेलं स्टेशन आधी एका ठरलेल्या मधल्या फ्रीक्वेन्सीवर आणणाऱ्या) ही मधली फ्रीक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ असते, तिच्या दुपटीने, म्हणजे ९१० ने वर असलेलं तगडं स्टेशन खाली सावलीसारखं उमटतं. नागपूरचा १००० किलोवॅटचा १५६६, त्यातून ९१० वजा केले की ६५६. कोलकात्याला एक किलोहर्ट्झ कमी! वहीतली ती ओळ खोडली. मुंबईत दुसरा प्रकार, ५५८ आणि १०४४ दोन्ही जवळून आदळत असतील तर सेटच्या आत त्यांची बेरीज होऊन १६०२ वर खिचडी ऐकू येऊ शकते आणि लोक तिथे सोलापूर शोधत बसतात. उपाय तोच, तगड्या स्टेशनाला रॉडचं टोक दाखवा. ते दाबलं की सावली पण पडली तर सावलीच होती.

इथे थांबा, माणूस बोलवा

इलेक्ट्रिशियन कधी: घरघर एकसारखी नसून कढईत मोहरी तडतडल्यासारखी असेल, आणि कुठलं तरी बटण दाबल्यावर किंवा गीझर-इस्त्री चालू केल्यावर येत असेल. ही ठिणगी आहे. माझ्याकडे सकाळी गीझर लावला की रेडिओ तडतडायचा, मी महिनाभर पहाटेचं ऐकणं बुडतंय म्हणून चिडत होतो, वायरमन काकांनी सॉकेट उघडलं तर आतली एक बाजू काळीठिक्कर, स्क्रू ढिला, प्लास्टिक वितळून पिनेला चिकटलेलं. "रेडिओने सांगितलं म्हणून वाचलात," म्हणाले. बोर्ड गरम लागणं, जळका वास, दिवे मधेच फिके-प्रखर होणं, यातलं काही असेल तर तो एमसीबी बंद ठेवा आणि स्वतः बोर्ड उघडू नका.

वीजकंपनी कधी: मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद, तरी घरघर, आणि रेडिओ घेऊन रस्त्याने चालत गेलं की एका खांबापाशी ती वाढते. तडकलेला इन्सुलेटर, ढिला जंपर, तारेला टेकलेली फांदी. खूण अशी की पाऊस पडला की हा आवाज बदलतो, कधी एकदम गायब होतो आणि सुकलं की परत येतो. खांबाचा नंबर लिहून घ्या, १९१२ वर तक्रार द्या, आणि तक्रारीत रेडिओ ऐकू येत नाही असं लिहू नका हो, खांबावर ठिणग्यांचा आवाज येतोय असं लिहा, खरंच तेच होतंय. खांबाला दगड मारून, खांबाच्या ताणाची तिरकी तार हलवून आवाज बदलतो का बघायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. शेजारच्या छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर असेल (ऊन असताना घरघर, मावळल्यावर शांत) तर ते बसवणाऱ्याचं काम, आणि खरं सांगायचं तर रात्री ऐकणाऱ्याला त्याचा त्रास नाहीच.

रेडिओ मेकॅनिक कधी: मोकळ्या मैदानात, नव्या सेलवर, रात्री नऊला पण काही नाही. आता, आत्ता कुठे, दोष सेटचा. बहुतेकदा सेट पडलेला असतो आणि आतला फेराइट रॉड मधे तुटलेला, किंवा त्यावरच्या केसासारख्या तारेचा एखादा धागा सुटलेला. रॉड तुटला की काट्यावर स्टेशनं आपापल्या जागीच लागतात पण मरतुकडी, त्यातही ५३१ कडच्या टोकाला जास्त. झाकण उघडून एवढं डोळ्यांनी बघायला हरकत नाही, सेल काढून. पण आत रंगीत डोक्यांच्या चौकोनी डब्या दिसतील, पिवळी, पांढरी, काळी, त्या आयएफटी, म्हणजे मधल्या फ्रीक्वेन्सीच्या जुळवलेल्या कॉइल. त्यांच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून "जरा फिरवून बघू" हे मी केलंय. पाव फेरा फिरवला, काही झालं नाही, दुसरी फिरवली, तिसरी फिरवली, मग पहिली कुठे होती ते विसरलो आणि वडिलांचा सेट पुन्हा कधीच पूर्वीसारखा लागला नाही. सिग्नल जनरेटर नसेल तर त्यांना हात नाही. मेणाने बंद केलेल्या ट्रिमरला (बारीक जुळवणीच्या छोट्या कंडेन्सरला) तर अजिबातच नाही. लाईटीवर चालणारा जुना व्हॉल्व्हचा सेट असेल तर मागचा पुठ्ठासुद्धा काढू नका, आत २०० व्होल्टच्या वर डीसी असतं, प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतं, आणि काही सेटची सगळी चेसिसच लाईटीला जोडलेली असते.

मेकॅनिककडे नेताना नुसतं "नीट लागत नाही" म्हणू नका, तो एफएम लावून दाखवेल आणि दोनशे रुपये घेईल. सांगा की मिडियम वेव्हच्या खालच्या टोकाला कमजोर आहे, घरघर नाही, आधी फेराइट रॉड आणि त्याची तार बघा, आणि आयएफटीला हात लावायचा असेल तर मला विचारून लावा.